ड्रममधली माती गेली कुठे?

मे महिन्यात दोनशे लिटरचा ड्रम काठोकाठ भरला. तळाशी कुजकी लाकडं, त्यावर पालापाचोळा आणि शेण, सगळ्यात वर माती. पावसाळ्यात त्यात वांग्याची दोन रोपं लावली, ती तरारली. दिवाळीच्या सुमारास पाहावं, तर माती काठापासून वीतभर खाली गेलेली. ड्रमला भेग नाही, कोणी माती उपसलेली नाही, तळाच्या छिद्रांतून चिखलही वाहिलेला नाही. मग एवढा ऐवज गेला कुठे?

मोठ्या कुंडीत, ड्रममध्ये किंवा सिमेंटच्या टाकीत कुजकं लाकूड भरून भाजीपाला लावणाऱ्यांना हा प्रश्न पहिल्याच वर्षी पडतो. शेतकऱ्याला मात्र तो पडत नाही, कारण उकिरड्यावर त्याने हेच आयुष्यभर पाहिलेलं असतं. वर्षभर रोज टोपलंभर शेण आणि झाडलोट पडूनही उकिरडा घराएवढा होत नाही. उन्हाळ्यात उपसायला घेतला की टाकलं त्याच्या निम्मंही खत निघत नाही.

दोन्हीकडचं उत्तर एकच आहे: ड्रममधला बराचसा ऐवज हवेत गेला. तो हवेत कसा जातो हे कळलं, की ड्रम कसा भरावा, त्यात काय घालावं, रोपं पिवळी का पडतात आणि दरवर्षी भर का घालावी लागते, या सगळ्याचा उलगडा होत जातो.

तुराट्या, पराट्या आणि बांधावरचा धूर

ड्रममध्ये भरायचा माल कुठून येतो, ते पाहण्यासाठी एक गाव घेऊ. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातलं हिवरा आश्रम हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे. आश्रमाच्या परिसरात कृषी महाविद्यालयही आहे. भोवतालचं शिवार सोयाबीन, तूर, कपाशी आणि हरभऱ्याचं.

या पिकांमागे शेतात जे उरतं, ते ड्रम भरण्याच्या कामाचं. सोयाबीनचं कुटार, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पराट्या, बांधावरच्या बाभळी-सुबाभळीच्या छाटलेल्या फांद्या, विहिरीजवळ कोसळून कुजत पडलेला एखादा उंबराचा बुंधा. पूर्वी तुराट्यांचे कूड व्हायचे, पराट्या चुलीत जायच्या. घरात गॅस आला आणि कूड जाऊन विटांच्या भिंती आल्या, तेव्हा या काड्यांची गरज कमी झाली. आज अनेक ठिकाणी त्या बांधावर गोळा करून पेटवल्या जातात. पेटवल्यावर त्यातला कर्ब आणि नत्र काही मिनिटांत धूर होऊन जातात आणि मागे राख उरते. ड्रममध्ये त्याच काड्या कुजवल्या तर कर्ब हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत जातो आणि नत्र बहुतांशी मातीत राहतं. ज्याला 'कुजणं' म्हणतात, त्यातली फायद्याची गोष्ट हा संथपणाच आहे.

इंदूरच्या गाडीवाटा आणि पुसदचं टाकं

पराट्यांसारखा टणक कचरा कुजवायचा कसा, या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी इंदूरला पद्धतशीर काम झालं. 1924 मध्ये तिथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री ही संस्था सुरू झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची जी रीत बसवली, ती पुढे 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. 1931 मध्ये या दोघांच्या नावाने त्याविषयीचं पुस्तक प्रसिद्ध झालं.

त्यांच्यापुढचा अवघड माल म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या काड्या. त्या तशाच खड्ड्यात टाकल्या तर महिनोन्‌महिने जशाच्या तशा राहत. त्यावर त्यांनी काढलेली तोड खास इथल्या मातीतली होती. काड्या शेतातल्या गाडीवाटांवर पसरायच्या. बैलगाड्यांची चाकं आणि जनावरांचे खूर त्यांवरून गेले की काड्या चिरडतात, उभ्या फाटतात, आणि मग शेणमुताबरोबर खड्ड्यात नीट कुजतात. काडी फाटली की आतला भाग उघडा पडतो. पाणी आणि बुरशी शिरायला शेकडो वाटा मिळतात. ड्रम भरणाऱ्यासाठी हा पहिला धडा. आज बैलगाडीऐवजी ट्रॅक्टरचं चाक, कुऱ्हाडीचा तुंबा किंवा काडी बारीक करणारं यंत्र ते काम करतं.

दुसरा धडा विदर्भातलाच. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी कमी शेणात जास्त खत करण्याची रीत शोधली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून देशभर पोचली, आणि त्यांना लोक नाडेपकाका म्हणू लागले. जमिनीवर विटांचं, आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच टाकं बांधायचं. भिंतींत जागोजागी हवेसाठी भोकं ठेवायची. मग थर द्यायचे: सहा इंच काडीकचरा, त्यावर 125 ते 150 लिटर पाण्यात कालवलेलं 4 किलो शेण, त्यावर 50 ते 60 किलो चाळलेली कोरडी माती. असे थर टाक्याच्या काठाच्याही दीड फूट वर नेऊन वरून शेणमातीने लिंपून घ्यायचं.

पंधरा-वीस दिवसांत तो ढीग काठाच्या आठ-नऊ इंच खाली बसतो. नाडेपकाकांच्या कृतीतच पुढची पायरी लिहिलेली आहे: पुन्हा थर द्या, पुन्हा लिंपा. म्हणजे खचणं हा या पद्धतीतला बिघाड नाही; ते धरूनच हिशेब केलेला आहे. साधारण 90 ते 120 दिवसांत अशा टाक्यातून तीनेक टन खत मिळतं.

भाजीचा ड्रम या दोन्ही पद्धतींहून एका बाबतीत वेगळा आहे. इंदूर आणि पुसदला खत आधी तयार होतं, मग शेतात जातं. ड्रममध्ये कुजणं आणि पिकणं एकाच वेळी, एकाच भांड्यात चालतं. खाली लाकूड कुजत असतं आणि वर वांगी धरत असतात. युरोपात लाकडाच्या ढिगावर माती घालून त्यावर भाजी लावण्याची रीत आहे. जर्मनीत हेरमान आंद्रे यांनी 1962 मध्ये तिच्यावर पुस्तिका लिहिली आणि पुढे ऑस्ट्रियाचे शेतकरी सेप होल्त्सर यांनी ती जगभर नेली. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीसाठी पिंप आणि पोती बरीचशी उसाच्या चिपाडांनी भरून वर थोडीच खतमाती घालण्याची पद्धत रूढ केली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी फुलवलेली बाग तिथल्याच ओल्या कचऱ्यावर उभी राहिली. भरायचा माल जागोजागी बदलला, तरी भांड्याच्या आत घडतं ते सारखंच.

लाकूड कुजतं म्हणजे नेमकं काय होतं?

लाकडात मुख्यतः दोन प्रकारचे पदार्थ असतात. जवळपास निम्मा भाग सेल्युलोजचा. कागद आणि कापूस यांतही तेच असतं. साधारण पाव भाग लिग्निनचा. हा पदार्थ तंतूंना घट्ट बांधून ठेवतो आणि लाकडाला टणकपणा देतो. सेल्युलोज अनेक जिवाणूंना पचवता येतं. लिग्निन फोडण्याचं काम मुख्यतः काही बुरशींनाच जमतं, आणि त्यांना त्यासाठी भरपूर हवा लागते.

म्हणूनच पावसात पडलेल्या ओंडक्यावर आधी पांढरे धागे दिसतात, मग छत्र्या उगवतात. ते पांढरे धागे म्हणजेच बुरशीचं खरं शरीर. छत्री फक्त बीज पसरवण्यापुरती. काही बुरशी लिग्निन खातात, तेव्हा लाकूड फिकट आणि तंतुमय होतं. काही सेल्युलोज खाऊन लिग्निन मागे ठेवतात, तेव्हा लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटतं आणि बोटांनी चुरता येतं. दोन्ही प्रकारचं लाकूड ड्रमला चालतं. ड्रममध्ये छत्र्या उगवल्या तर रोपांना त्यांचा त्रास नाही. फक्त त्या खाण्याच्या फंदात पडू नये.

बुरशी आणि जिवाणू लाकडातला कर्ब खातात तो दोन कारणांसाठी. थोडा स्वतःचं शरीर बांधायला, उरलेला ताकद मिळवायला. ताकदीसाठी वापरलेला कर्ब श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. ढोबळमानाने तीन भाग कर्ब खाल्ला तर एक भाग शरीरात राहतो आणि दोन भाग हवेत जातात. ड्रम वीतभर रिकामा होतो तो मुख्यतः यामुळे. शिवाय लाकूड मऊ झाल्यावर मधल्या पोकळ्या मिटतात आणि वरची माती त्यांत उतरते, तेव्हा पातळी आणखी खाली जाते.

नुसती भाकरी आणि नत्राचं पिठलं

रोपं पिवळी का पडतात, याचं उत्तरही याच हिशेबात आहे. सूक्ष्मजीवांच्या शरीरात साधारण 8 भाग कर्बामागे 1 भाग नत्र असतं. शरीरात 8 भाग कर्ब बसवायचा तर 24 भाग खावा लागतो, कारण 16 भाग श्वासात जातात. म्हणजे ज्या अन्नात कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण 24 ला 1 च्या आसपास, ते त्यांना पुरेपूर जमतं.

कर्ब म्हणजे भाकरी आणि नत्र म्हणजे पिठलं असं धरलं, तर सूक्ष्मजीवांच्या ताटाचा अंदाज येतो. निरनिराळ्या मालातलं प्रमाण साधारण असं असतं:

- ताजं शेण: 20 ते 25 ला 1
- गिरीपुष्पाचा हिरवा पाला: 15 ला 1 च्या आसपास
- भाजीचे देठ, साली: 15 ते 20 ला 1
- गव्हाचं काड: 80 ला 1 च्या आसपास
- तुराट्या, पराट्या: काडाच्या आसपास, जाड बुडख्यात त्याहून जास्त
- लाकडाचा भुसा: 200 ते 500 ला 1

लाकडाचा भुसा म्हणजे टोपलंभर भाकरी आणि बोटभर पिठलं. सूक्ष्मजीव भाकरी टाकून देत नाहीत. ते पिठलं शेजारच्या ताटातून घेतात. शेजारचं ताट म्हणजे मातीतलं नत्र, जे रोपाच्या मुळांसाठी होतं. म्हणून लाकूड मिसळलेल्या मातीत रोपाची खालची पानं आधी पिवळी पडतात. नत्र नष्ट झालेलं नसतं. सूक्ष्मजीवांच्या शरीरात अडकलेलं असतं. लाकूड संपत आलं आणि ते मरू लागले, की तेच नत्र मातीत परत येतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी असे ड्रम पहिल्या वर्षापेक्षा चांगले पिकतात ते त्यामुळे.

मग नत्र किती द्यायचं? कोरड्या दहा किलो लाकडात साधारण साडेचार किलो कर्ब असतो. 24 ने भागलं तर सुमारे 190 ग्रॅम नत्र लागतं, आणि लाकडात स्वतःचं असतं जेमतेम 10 ते 20 ग्रॅम. उरलेलं सगळं ताज्या शेणातून द्यायचं ठरवलं तर चाळीस किलोंहून जास्त शेण लागेल. प्रत्यक्षात तेवढ्याची गरज पडत नाही, कारण जाड ओंडका पृष्ठभागाकडून आत कुजतो आणि त्याला काही वर्षं लागतात. त्याची मागणीही तशीच थोडी-थोडी येते. बारीक भुसा मात्र सगळ्या बाजूंनी एकदम कुजायला लागतो आणि नत्र एकदम ओढतो. यातून ड्रम भरण्याचा सगळ्यात महत्त्वाचा नियम निघतो: लाकूड जितकं जाड, तितकं खाली, आणि भुसा मुळांच्या थरात मुळीच नाही.

जीवामृताचं नाव इथे हमखास निघतं. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी ते घराघरांत नेलं. सूक्ष्मजीवांना चालना द्यायला ते चांगलं, पण शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचं 200 लिटर पाण्यातलं ते मिश्रण असल्यामुळे लिटरमागे नत्र जेमतेम एखादा ग्रॅम येतं. पिवळ्या पडलेल्या वांग्याला त्यावर विसंबून चालत नाही. शेंगदाण्याच्या पेंडीत सात टक्क्यांच्या आसपास नत्र असतं; मूठभर पेंड दोन दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी पातळ करून दिलं तर फरक लवकर दिसतो. पहिल्या हंगामात वाल, चवळी, गवार अशी शेंगांची पिकं घेणं हा आणखी सोपा मार्ग, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात.

तळाशी खडी घातल्याने पाणी निघतं का?

कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातले की पाण्याचा निचरा चांगला होतो, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. प्रत्यक्षात उलट घडतं. मातीच्या कणांमधल्या बारीक फटी पाणी घट्ट धरून ठेवतात; खडीमधल्या फटी मोठ्या, त्या पाणी ओढून घेत नाहीत. त्यामुळे मातीचा सर्वांत खालचा थर पाण्याने तुडुंब झाल्याशिवाय पाणी खडीत उतरतच नाही. खडी घातल्याने तो चिखलाचा थर फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ.

तळाशी नुसते ओंडके रचून वर माती टाकली, तर हाच प्रकार होतो. म्हणून ओंडक्यांमधल्या फटी मातीने आणि अर्धवट कुजलेल्या खताने ठासून भराव्या लागतात. मग वरच्या मातीपासून तळापर्यंत बारीक फटींची सलग साखळी राहते आणि पाणी खाली उतरतं. ओंडका कुजत जातो तशा त्यातही बारीक पोकळ्या होतात. चांगलं कुजलेलं लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनापेक्षा जास्त पाणी धरू शकतं, आणि वरची माती सुकली की मुळं त्यात शिरून ते पाणी घेतात.

न कुजलेलं, वाळलेलं लाकूड मात्र पाणी हळूहळूच घेतं. मेमध्ये ड्रममध्ये टाकलेली कोरडी खोडं पहिल्या काही महिन्यांत ओल देण्याऐवजी ओढतात. भरण्याआधी ती रात्रभर हौदात बुडवून ठेवणं एवढाच त्याला उपाय.

काळी माती एकटी का चालत नाही?

मेहकरकडची काळी, कपाशीची माती शेतात सोनं असली तरी ड्रममध्ये एकटी भरली तर डोकेदुखी होते. तिच्यातली चिकणमाती पाणी मिळालं की फुगते आणि सुकली की आकसते. शेतात उन्हाळी भेगा पडतात, तशाच ड्रममध्ये पडतात. शिवाय मातीचा गोळा ड्रमच्या भिंतीपासून सुटतो. मग वरून दिलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि तळातून बाहेर पडतं. वर पाहावं तर पाणी घातलेलं, आणि मुळांजवळ माती कोरडीठाक.

कुजलेला काडीकचरा मिसळला की मातीचे बारीक गोळे होतात, त्यांच्यात हवा राहते आणि आकसणं कमी होतं. वरच्या थरासाठी काळी माती आणि पूर्ण कुजलेलं खत निम्मं-निम्मं घ्यावं. माती फार चिकट असेल तर त्यात नदीची वाळू किंवा पोयट्याची माती थोडी घालावी.

ड्रम भरताना

बुलढाणा जिल्ह्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. मृगाच्या आधी, मेमध्ये ड्रम भरला की पहिल्या सरींनी आतला माल भिजतो, खचतो आणि रोपं लावण्याआधी बसून घेतो. ताजं शेण आणि हिरवा पाला घातलेला असेल तर पहिले दोन-तीन आठवडे आत ऊब धरते. हात घालून गरम लागत असेल तोवर रोपं लावू नयेत, मुळं भाजतात.

तळाला बोटभर रुंदीची दहा-बारा छिद्रं पाडून ड्रम विटांवर ठेवावा. साधारण पावणेतीन ते तीन फूट उंचीच्या ड्रमची भरण अशी:

1. तळाचा एक फूट: मनगटाएवढी किंवा त्याहून जाड, जुनी, भिजवलेली लाकडं. मधल्या फटी मातीने आणि जुन्या शेणखताने भरून काठीने ठासाव्यात.
2. मधला एक फूट: चिरडलेल्या पराट्या-तुराट्या, कुटार, वाळलेला पाला यांचे चार-चार बोटांचे थर. प्रत्येक थरावर शेणकाला आणि दोन मुठी माती.
3. वरचं नऊ-दहा इंच: माती आणि पूर्ण कुजलेलं खत. इथे न कुजलेलं काहीच नाही.
4. सगळ्यात वर दोन बोटं वाळलेल्या पाल्याचं आच्छादन, म्हणजे ऊन थेट मातीवर पडत नाही.

मेथी, कोथिंबीर, पालक यांना वरचा थरच पुरतो. वांगं, टोमॅटो, मिरची यांची मुळं मधल्या थरातही उतरतात. दोनशे लिटरच्या ड्रमला वांग्याची दोन झाडं पुष्कळ झाली.

उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीपार जातो. काळ्या किंवा निळ्या प्लास्टिकच्या ड्रमची उन्हाकडची बाजू तापते आणि त्या बाजूची मुळं मरतात. ड्रमला बाहेरून चुना लावणं किंवा त्या बाजूला पोतं बांधणं एवढ्याने फरक पडतो.

वजन आणि स्लॅब

ड्रम अंगणात असेल तर वजनाचा प्रश्न नाही. गच्चीवर असेल तर तो सगळ्यात आधी सोडवावा लागतो. दोनशे लिटर ओली माती तीनशे किलोंच्या वर जाते. लाकूड आणि काडीकचरा घातलेला ड्रम त्याहून बराच हलका, तरी ओला असताना अडीचशे किलोंच्या आसपास भरतो. ज्या गच्चीवर लोकांची ये-जा असते, तिच्यासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरतात. ड्रमचा तळ पाव चौरस मीटर. त्यामुळे त्याच्याखाली पडणारा भार या आकड्याच्या कितीतरी पट होतो. ड्रम खोलीच्या मधोमध नव्हे, तर खाली भिंत किंवा तुळई असलेल्या कडेला, एकमेकांपासून अंतर ठेवून मांडावेत. घर जुनं असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रम वर नेऊ नये.

काय घालू नये

रंग दिलेली फळी, प्लायवूड, जुन्या फर्निचरचे तुकडे यांत रसायनं असतात. ते खाण्याच्या भाजीखाली नकोत. निलगिरीच्या ताज्या लाकडात आणि पानांत इतर रोपांची वाढ रोखणारे घटक असतात. सागवान चालतं, पण ते इतकं सावकाश कुजतं की दहा वर्षांनीही ओंडका जागेवर सापडेल. शेवगा आणि गिरीपुष्प यांच्या ओल्या फांद्यांना ड्रममध्ये कोंब फुटतात; त्या वाळवूनच घालाव्यात. पराट्यांवर वाळलेली, किडलेली बोंडं असतील तर ती आधी काढून टाकावीत, कारण त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामातल्या कपाशीवर येते.

न कुजलेलं शेण वरच्या थरात घातलं तर हुमणीच्या अळ्या होतात आणि त्या थेट मुळं कुरतडतात. वाळवी जमिनीतून चढते. विटांवर ठेवलेल्या ड्रमकडे तिचा मार्ग सोपा राहत नाही, शिवाय विटांवर मातीची वाट बांधलेली दिसली की लगेच मोडता येते.

---

थोडक्यात

- ड्रम खचतो कारण लाकडातला बहुतेक कर्ब सूक्ष्मजीवांच्या श्वासातून हवेत जातो.
- जाड लाकूड तळाशी, चिरडलेल्या काड्या मध्ये, कुजलेलं खत आणि माती वर.
- भुसा आणि न कुजलेलं शेण मुळांच्या थरात नको.
- लाकडं आधी रात्रभर भिजवावीत. फटी मातीने ठासाव्यात. तळाला खडी नको.
- पहिल्या हंगामात शेंगांची पिकं किंवा पेंडीचं पाणी.
- गच्चीवर ड्रम भिंत किंवा तुळईच्या वरच ठेवावेत.

---

दिवाळीपासून पुढे

दिवाळीला ड्रम वीतभर खाली गेलेला दिसला, की उभ्या झाडांच्या बुंध्यापासून चार बोटं सोडून भोवती खतमातीची भर घालावी. टोमॅटोचा बुंधा थोडा गाडला गेला तरी त्याला मुळं फुटतात; वांग्या-मिरचीचा बुंधा मात्र फार गाडू नये, तो कुजू शकतो. मोठी भर हंगाम संपल्यावर, झाडं काढून घालणंच चांगलं. ती घालताना मधल्या थराचा मूठभर नमुना काढून पाहावा. काड्या ओळखू येत असतील आणि वास मातीचा असेल तर काम नीट चाललं आहे. सडका, नाकाला झोंबणारा वास आला तर आत हवा पोचत नाही. छिद्रं तुंबलेली असतात किंवा पाणी जास्त होतं. अशा वेळी छिद्रं मोकळी करून आठवडाभर पाणी कमी करावं.

दुसऱ्या वर्षी खचणं कमी होतं. आता वांगी, टोमॅटो यांसारखी खादाड पिकं घ्यायला हरकत नाही, कारण अडकलेलं नत्र सुटू लागलेलं असतं. शेवगा, पांगारा, उंबर यांची मऊ लाकडं असतील तर तिसऱ्या वर्षापर्यंत तळातला ओंडका हाताने चुरता येतो. बाभळीचा गाभा असेल तर त्याला आणखी काही वर्षं लागतील.

ओंडका चुरू लागला की ड्रम आडवा करून रिकामा करावा. जे निघेल ते काळपट, भुसभुशीत आणि हलकं असतं. त्यातला चाळून निघालेला भाग नव्या भरणीच्या वरच्या थराला वापरावा आणि न कुजलेले तुकडे पुन्हा तळाशी घालावेत. त्यांच्यावर आधीच बुरशी बसलेली असल्यामुळे नव्या लाकडाची कुज लवकर सुरू होते. मधल्या थरासाठी त्या वर्षीच्या पराट्या कपाशी उपटल्यावर लगेच, पेटवण्याआधी, वाटेवर पसरून ट्रॅक्टरच्या चाकाखाली घालून ठेवाव्यात.